रोजचा सव्वादोन ग्रॅम दगड

माझ्या टँकमधली प्रवाळं रोज साधारण सव्वादोन ग्रॅम दगड तयार करतात. वर्षाचा हिशेब केला तर तो पाऊण किलोच्या वर जातो. पाऊणशे गॅलनची, म्हणजे २८५ लिटरच्या आसपासची काचेची पेटी, खाली कपाटात एक छोटा सम्प, खडकांनी अडवलेली जागा सोडून उरलेलं अडीचशे लिटर खारं पाणी, आणि त्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा दगड रचत बसलेले हजारो इवलेसे प्राणी. न्यू जर्सीतल्या आमच्या बैठकीच्या खोलीत हे काम अखंड चालू असतं आणि मला त्याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

घरी येणारा जो तो विचारतो, "अगं, घालतेस तरी काय यात?" ज्यांच्या स्वतःच्या टँकमधल्या फांद्या वर्ष उलटलं तरी होत्या तेवढ्याच आहेत, ते तर थेट बाटलीचं नाव मागतात. दुकानात तशा बाटल्या रांगेने मांडलेल्या असतात. वाढ मात्र येते ती रोज सारख्या राहणाऱ्या पाण्यातून, आणि पाणी सारखं ठेवायचं तर त्यातून रोज काय खर्ची पडतं ते आधी माहीत हवं. पुढे जे लिहिलं आहे ते बहुतेक याच एका गोष्टीभोवती फिरतं.

१. अल्कलिनिटी रोज मोजा, कॅल्शियम आठवड्याने मोजलंत तरी चालेल

नव्या माणसाचा सगळा जीव कॅल्शियमवर असतो. दगड कॅल्शियम कार्बोनेटचा, तेव्हा कॅल्शियम घाला, असं वाटणं साहजिक आहे. पण समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमचा साठा मोठा असतो, लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास. कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचा साठा, जो आम्ही अल्कलिनिटी म्हणून मोजतो, तो त्या मानाने फार लहान. डीकेएच या तिच्या एककात समुद्रात ती सुमारे ७ असते. प्रवाळ या दोन्ही गोष्टी ठरलेल्या प्रमाणात उचलतं. अल्कलिनिटी २.८ डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियम जेमतेम २० मिलिग्रॅमने उतरलेलं असतं.

आता हे माझ्या पाण्याला लावून पाहा. इथे दिवसाला अर्धा डीकेएच खर्च होतो. तेवढ्यात कॅल्शियम लिटरमागे साडेतीन मिलिग्रॅम कमी होतं, आणि घरगुती किटवर इतका बारीक फरक दिसतच नाही. म्हणजे कॅल्शियमचा आकडा अगदी ठणठणीत दिसत असताना अल्कलिनिटी पार तळाला गेलेली असू शकते. ती सहाच्या खाली घसरली की वाढ थंडावते.

मोजायचं कसं? दोन दिवस काहीही घालू नका. दोन्ही दिवशी एकाच वेळी, दिवे लागण्यापूर्वी, पाणी घ्या. किटमधला रंग टाकला की पाणी निळसर होतं, मग सिरिंजमधून एकेक थेंब सोडत जायचं. शेवटी एकाच थेंबाने निळ्याचं केशरी-गुलाबी होतं. तिथे हात थांबला पाहिजे आणि सिरिंजवरचा आकडा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचला पाहिजे. काल ८.४ आणि आज ७.९ असेल, तर रोजचा खर्च अर्धा. शंभर लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला खाण्याचा सोडा ३ ग्रॅम लागतो. अडीचशे लिटरमध्ये अर्धा वाढवायला पावणेचार ग्रॅम. सगळं गणित एवढंच आहे.

रँडी होम्स-फार्ली या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने घरच्या घरी बनवायच्या द्रावणांच्या कृती छंदिष्टांसाठी लिहून ठेवल्या आहेत. एका भांड्यात सोड्याचं द्रावण, दुसऱ्यात कॅल्शियम क्लोराइडचं. सोडा ओव्हनमध्ये ३०० अंश फॅरनहाइटवर तासभर भाजला तर त्याचा सोडियम कार्बोनेट होतो आणि तो पीएचही वर उचलतो. या माणसाचे आमच्या छंदावर मोठे उपकार आहेत. महागड्या बाटल्यांमध्ये बहुतेक वेळा हेच दोन क्षार असतात. दोन्ही द्रावणं एकाच वेळी एकाच जागी मात्र ओतू नयेत. पाण्यातच पांढरा साका धरतो आणि प्रवाळाच्या वाट्याला काही येत नाही. मॅग्नेशियमही लिटरला १३०० ते १३५० मिलिग्रॅम दरम्यान हवं. ते कमी पडलं की कॅल्शियम आणि अल्कलिनिटी कितीही घातली तरी पाण्यात टिकत नाहीत.

रोज मोजण्याचा याहून मोठा फायदा वेगळाच आहे. फांदी वाढलेली डोळ्यांना दिसण्याआधी ती अल्कलिनिटीच्या खर्चात दिसते. खर्च महिन्यागणिक चढत असेल तर प्रवाळं मजेत आहेत, वरून ती कशीही दिसोत. आणि रोज अर्धा खाणारा टँक अचानक पाव खाऊ लागला, तर कुठेतरी बिघाड झालेला आहे. हीटर पाहा, पाण्याचा खारेपणा पाहा, पंप पाहा. प्रवाळाचा रंग उडायच्या आधी मिळणारी ही सूचना आहे आणि ती दुसऱ्या कुठल्याही मार्गाने इतक्या लवकर मिळत नाही.

२. आकडा कोणता यापेक्षा तो किती हलतो ते पाहा

साडेसात ते नऊ डीकेएचमध्ये कुठलाही आकडा धरा आणि तिथेच राहा. कोणी अकरावर फांद्या भराभर वाढतात म्हणतं, आणि ते खोटंही नाही. पण पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट अगदी कमी असताना अल्कलिनिटी वर नेली तर अॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळांची टोकं जळतात. टोकावरची कातडी मागे सरकते, खालचा पांढरा सांगाडा उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ धरतं. वाढ नेमकी त्या टोकातूनच होत असते, म्हणजे पुढचे कित्येक आठवडे गेले.

पाणी बदलताना हीच गोष्ट निसटते. काही मिठांच्या मिश्रणात अल्कलिनिटी ११-१२ असते. टँक आठवर असताना एकदम तिसरा हिस्सा पाणी बदललं की एका तासात सगळं पाणी एक डीकेएच किंवा त्याहूनही वर चढतं. मीठ आपल्या आकड्याजवळचं निवडावं आणि थोडं थोडं पाणी बदलावं. खारेपणा हजारी ३५, तापमान २५-२६ अंश. पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागे राहतं, तेव्हा भर घालायची ती गोड्या पाण्याची, तीही आरओ-डीआय गाळणीतून काढलेल्या, टीडीएस शून्य असलेल्या. नळाचं पाणी नको. त्यात क्लोरामाइन असू शकतं, आणि घरातल्या नळांतून उतरणारं तांबं प्रवाळांना आणि झिंग्यांना विष आहे.

३. चुन्याची निवळी

माझ्या मते छोट्या-मध्यम टँकला याहून चांगलं काही नाही. काल्कवासर म्हणून जे प्रसिद्ध आहे, ते पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात युरोपातल्या छंदिष्टांमध्ये रूढ केलं. आई आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी बादलीत पांढरी पूड ढवळत होते. तिने जवळ येऊन वास घेतला आणि म्हणाली, "अगं, ही तर चुन्याची निवळी. तुला दात येताना देत होते मी. नीट ढवळ, झाकून ठेव, रात्रभर हात लावू नकोस आणि वरचं नितळ तेवढंच घे." मी शिकलेल्या चार पानांच्या सूचना तिने एका दमात सांगितल्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की वर पातळ पापुद्रा धरतो, तो काढून टाकायचा, हेही तिला माहीत होतं.

निवळीचा गुण असा की प्रवाळाला कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ज्या प्रमाणात लागतात, त्याच प्रमाणात ती दोन्ही देते. पाण्यात भलते क्षार साठत नाहीत. शिवाय ती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे पीएच वर राहतो. लिटरभर आरओ पाण्यात चुना दीड ग्रॅमच्या आसपासच विरघळतो. जास्त टाकला तर तळाला बसतो. माझ्या रोजच्या खर्चाला सव्वा लिटरच्या आत निवळी पुरते, आणि टँकमधून वाफ होऊन जाणारं पाणी त्याहून जास्त असतं. म्हणून भर घालायच्या पाण्यातच ती जाते.

काही पथ्यं मात्र कडक पाळायची. निवळीचा पीएच १२.४ असतो, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवाच. ती थेंब थेंब सोडायची, शक्यतो रात्री, कारण रात्री टँकचा पीएच उतरलेला असतो. तळाचा गाळ पाण्यात जाऊ द्यायचा नाही; चुन्यातली धातूंची अशुद्धी बरीचशी त्यात बसते. चुना खाद्य दर्जाचा घ्यावा, पानाच्या डबीतला घेऊ नये. आणि भर घालणारा पंप अडकून चालूच राहिला तर सगळा डबा टँकमध्ये रिकामा होतो, म्हणून डबाच लहान ठेवायचा, दिवसभराच्या गरजेपुरता. टँक भरत गेला की निवळी अपुरी पडते. मग जोडीला दोन द्रावणांचे डोसिंग पंप लावावेत. पंपाने दिवसाचा डोस दहा-बारा हप्त्यांत विभागून दिला की आकड्याची रेष जवळजवळ सपाट होते.

४. खिडकी उघडा

इथल्या हिवाळ्यात घरं बंद असतात. माणसांच्या श्वासाने, गॅसच्या शेगडीने खोलीतला कार्बन डायऑक्साइड चढतो. बाहेर तो दहा लाखांत ४२० च्या आसपास असतो, बंद घरात हजाराच्या वर सहज जातो. तो पाण्यात विरघळतो आणि पीएच खाली येतो. दिवाळीच्या फराळाला घर माणसांनी भरलं, चकलीची कढई दुपारपासून चालू राहिली की आमच्या टँकचा पीएच ८.२ वरून ७.९ वर येतो आणि पाहुणे गेल्यावर पहाटेपर्यंत हळूहळू सावरतो. पीएचच्या आलेखावर सगळी संध्याकाळ वाचता येते.

याचा वाढीशी थेट संबंध आहे. सांगाडा जिथे घडतो, त्या कातडीखालच्या फटीतून प्रवाळाला आम्ल बाहेर फेकावं लागतं. बाहेरचं पाणीच आम्लाकडे झुकलेलं असेल तर त्या कामाला ताकद जास्त लागते आणि दगड रचायला कमी उरते. महासागरांचा पीएच औद्योगिक काळात ८.२ वरून ८.१ च्या खाली आला आहे आणि प्रवाळशास्त्रज्ञांना त्याची एवढी काळजी का वाटते, हे घरच्या टँकपुढे उभं राहिलं की नीट कळतं.

उपाय स्वस्त आहे. स्किमर, म्हणजे पाण्यातला मळ फेसाबरोबर काढणारं यंत्र, ज्या नळीतून हवा ओढतो, ती नळी खिडकीच्या फटीतून बाहेर सोडायची. हे न करता पीएच वाढवणारी पावडर घालत बसू नये. तिने अल्कलिनिटी चढत जाते आणि पीएच दोन दिवसांत जिथल्या तिथे येतो.

५. उजेड हवा तेवढाच

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात. ती प्रकाशसंश्लेषण करतात आणि यजमानाची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज भागवू शकतात. थॉमस गोरो यांनी जमैकात किरणोत्सारी कॅल्शियम वापरून १९५९ साली दाखवून दिलं की अंधारापेक्षा उजेडात प्रवाळ कितीतरी वेगाने सांगाडा रचतं. तेव्हा उजेड हवाच. पण एका मर्यादेनंतर शैवालांना तो झेपत नाही, आणि मग प्रवाळ त्यांना बाहेर काढून पांढरं पडतं.

डोळ्याला उजेडाचा अंदाज येत नाही. निळा प्रकाश आपल्याला मंद दिसतो आणि प्रवाळाला भरपूर असतो. तो मोजायला पार (PAR) मीटर लागतो, पण विकत घेण्याची गरज नाही. इथले क्लब सभासदांना तो आठवड्यासाठी देतात. मश्रूम आणि मऊ प्रवाळांना ५० ते १५० पार पुष्कळ होतो. अॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळांना २५० ते ३५०. नवा फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचा तुकडा, आणला की तो आधी तळाला वाळूवर ठेवावा आणि काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वर न्यावा. एकदा जागा दिली की ती बदलू नये. दर रविवारी फ्रॅग इकडून तिकडे हलवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची प्रवाळं वाढत नाहीत, कारण प्रत्येक नव्या जागी त्यांना उजेडाशी आणि प्रवाहाशी पुन्हा पहिल्यापासून जुळवून घ्यावं लागतं.

६. पाणी खेळतं ठेवा

प्रवाळ जागचं हलत नाही. खाणं, प्राणवायू, क्षार त्याच्यापर्यंत पोहोचतात ते पाण्याने, आणि मळ वाहून नेणारंही पाणीच. पाणी संथ असेल तर प्रवाळाच्या अंगाला शिळ्या पाण्याचा पातळ थर चिकटून राहतो. फांद्यांच्या प्रवाळांसाठी तासाला टँकच्या पाण्याच्या वीस ते चाळीस पट पाणी फिरवणारे पंप लावतात. एकाच दिशेचा झोत वाईट. कातडी सोलून काढतो. दोन बाजूंना दोन पंप आणि त्यांची आलटून पालटून लाट हवी. फांद्या जाड झाल्या, एकमेकींत गुंतल्या, की आतला प्रवाह बंद पडतो आणि झुडूप आतून मरू लागतं. टँक तयार करताना लावलेले पंप दोन वर्षांनी पुरतील असं धरून चालू नये.

७. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर नेऊ नका

पूर्वी सगळ्यांना आरशासारखं निर्मळ पाणी हवं असायचं. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. अशा पाण्यात प्रवाळं फिकट पडतात, वाढ थांबते आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचं तपकिरी, बुडबुडे धरणारं चिकट किटण खडकांवर पसरतं. ते घालवणं मूळ दुखण्यापेक्षा अवघड असतं. प्रवाळातल्या शैवालांना खत लागतं, जसं कुंडीतल्या झाडाला लागतं. लिटरला नायट्रेट २ ते १० मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम या घरात ठेवावं. फॉस्फेट फार वाढलं तर ते सांगाड्याच्या स्फटिकांच्या वाढीत अडथळा आणतं, हेही खरं. दोन्हीकडून तोल सांभाळावा लागतो, आणि तो सांभाळायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पुढचा मुद्दा.

८. मासे पाळा आणि त्यांना पोटभर घाला

माशांनी खाल्लेलं अन्न त्यांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या अमोनियातून प्रवाळांपर्यंत पोहोचतं. नायट्रेटची बाटली ओतण्यापेक्षा दोन मासे जास्त ठेवलेले केव्हाही चांगले. शेवाळ चरणारा पिवळा टँग माझा आवडता. हा मासा फार वर्षं हवाईच्या किनाऱ्यावरून पकडून आणला जात असे. २०१५ मध्ये हवाईतल्या ओशियानिक इन्स्टिट्यूटने त्याची पिल्लं अंड्यापासून वाढवून दाखवली, आणि आता हॅचरीतले टँग बाजारात मिळतात. थोडे पैसे जास्त पडले तरी तेच घ्यावेत.

प्रवाळं स्वतःही शिकार करतात. मोनॅकोतल्या शास्त्रज्ञांनी स्टायलोफोरा या प्रवाळावर केलेल्या प्रयोगांत भरवलेल्या प्रवाळांची वाढ उपाशी ठेवलेल्यांपेक्षा जास्त झाली, कातडीची आणि सांगाड्याचीही. दिवे मालवल्यावर तासाभराने टॉर्चवर लाल कागद लावून टँकपाशी बसा. दिवसा दगडासारखं दिसणारं फॅव्हिया अंगभर शुंडकं बाहेर काढून बसलेलं असतं. नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियाची पिल्लं पिपेटने त्यावर सोडली की एकेक शुंडक वळतं आणि घास तोंडाशी नेतं. पाच-दहा मिनिटं पंप बंद ठेवायचे, म्हणजे खाणं वाहून जात नाही. आठवड्यातून दोनदा एवढं पुरे. उरलेलं अन्न कुजलं तर सगळं केलेलं पाण्यात जातं.

९. शेजार पाहून बसवा

सार्कोफायटनसारखी मऊ प्रवाळं पाण्यात टर्पीन जातीची रसायनं सोडून शेजाऱ्याची वाढ रोखतात. गॅलॅक्सिया रात्री लांबलचक डंखांचे धागे सोडतं. इतकुसा फ्रॅग लावताना त्याच्या भोवती रिकामी ठेवलेली जागा उधळपट्टी वाटते, पण वर्षाने तीच कामी येते. मऊ आणि कठीण दोन्ही प्रकार एकत्र ठेवायचे असतील तर सक्रिय कोळशाची पिशवी सम्पमध्ये कायम असू द्या आणि महिन्याला बदला.

१०. तोडायला घाबरू नका, पण हातमोजे घाला

फ्रॅग म्हणजे तोडलेला तुकडा. तो सुपरग्लूच्या जेलने चकतीवर चिकटवायचा. पुढचे काही आठवडे वर काहीच घडताना दिसत नाही. जवळून पाहिलं तर तळाशी, गोंदाच्या कडेने, नखाच्या चंद्रकोरीएवढी रंगीत कड पुढे सरकताना दिसते. प्रवाळ आधी पायथा पसरून घेतं. तो धरला की मग वर कोंब येतात, आणि फांदीचं टोक पांढरट, नितळ दिसू लागतं. नव्या भागात शैवालांची दाटी कमी असते म्हणून ते तसं दिसतं. निरोगी पांढरं टोक आणि जळालेलं पांढरं टोक यांतला फरक ओळखता आला पाहिजे. निरोगी टोकावर बारीक कातडी असते आणि छिद्रांतून पॉलिप डोकावतात. जळालेल्यावर खडूसारखा कोरडा दगड असतो.

लहान तुकडे मोठ्या झुडपापेक्षा वेगाने पसरतात. फ्लॉरिडातल्या मोट मरीन लॅबोरेटरीत डेव्हिड व्हॉन यांच्या हातून २००६ साली एल्कहॉर्न प्रवाळ अपघाताने तुटलं आणि मागे राहिलेले कण झपाट्याने वाढताना त्यांना दिसले. त्यातून सूक्ष्म तुकडे करून प्रवाळ वाढवण्याचं तंत्र उभं राहिलं. तिथे आज खचलेल्या प्रवाळभिंती पुन्हा उभ्या करायला तेच वापरतात.

आता हातमोज्यांचं. झोअॅन्थिड आणि पॅलिथोआ ही बटणांसारखी दिसणारी सुंदर प्रवाळं जवळजवळ प्रत्येक टँकमध्ये असतात, आणि त्यांपैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ साली हवाईत वेगळं काढलेलं हे विष निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. ती कापताना उडालेला थेंब डोळ्यात गेला तर डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते. असे खडक उकळत्या पाण्याने धुतल्यामुळे वाफ श्वासातून जाऊन अख्खी कुटुंबं रुग्णालयात दाखल झाली आहेत. तेव्हा चष्मा, हातमोजे, पाण्याखाली कापणं, आणि खडक कधीही उकळायचा नाही. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर कापलेले तुकडे उघड्यावर एक मिनिटही ठेवू नका.

११. नवं येणारं थेट आत जाऊ देऊ नका

अॅक्रोपोरा खाणारे चपटे किडे त्याच्याच रंगाचे असतात. फांदीच्या खालच्या बाजूला त्यांच्या अंड्यांचे पिंगट ठिपके सापडतात. आयोडीनच्या द्रावणात बुडवल्याने किडे गळतात, अंडी गळत नाहीत. म्हणून चकती फेकून द्यायची, नव्या चकतीवर तुकडा लावायचा आणि वेगळ्या छोट्या टाकीत काही आठवडे ठेवायचा.

१२. वीज जाईल असं धरूनच तयारी ठेवा

२०१२ च्या सॅंडी वादळात न्यू जर्सीतली लक्षावधी घरं कित्येक दिवस अंधारात होती. वीज गेली की लोक आधी तापमानाची चिंता करतात. प्राणवायू त्याच्या कितीतरी आधी संपतो. बॅटरीवर चालणारा हवेचा एक पंप नेहमी चार्ज करून ठेवलेला असावा, आणि त्याला जोडायचा बुडबुड्यांचा दगडही. तापमान काही तास रजईने सांभाळता येतं.

१३. घरचं प्रवाळ कुठून आलं, ते विचारा

हा मुद्दा शेवटी असला तरी माझ्या लेखी पहिला आहे. इथे अमेरिकेत मला टँक भरायला समुद्रातलं एकही प्रवाळ लागलं नाही. सगळे फ्रॅग दुसऱ्यांच्या टँकमधून आले आणि माझ्याकडे वाढलेले पुढे गेले. बर्लिनच्या डीट्रिख श्ट्यूबर यांनी आपल्या घरी वाढवलेल्या अॅक्रोपोराचे तुकडे असेच वाटले आणि ते कितीतरी देशांत पोहोचले. छंदाची ही रीत मला फार मोलाची वाटते.

भारतातल्या वाचकांसाठी गोष्ट निराळी आहे. तिथे २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळं आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत. ती समुद्रातून काढणं, विकणं, जवळ बाळगणं गुन्हा आहे, मग तो शोकेसमध्ये ठेवलेला वाळका तुकडा का असेना, आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. दुकानदार "इम्पोर्टेड आहे, काही होत नाही" म्हणाला तरी घेऊ नका. भारतात टँक करायचा असेल तर तो माशांचा करा, खडकांवर गुलाबी कोरलाइन शैवाल वाढवा. अल्कलिनिटी, निवळी, प्रवाह हे वर लिहिलेलं सगळं तिथेही लागू पडतं, कारण कोरलाइन शैवालही याच क्षारांचा दगड रचतं.

खरं प्रवाळ पाहायचं असेल तर ते महाराष्ट्रातच आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात पोरायटिस, टर्बिनेरिया, गोनिओपोरा ही प्रवाळं आहेत. मुंबईत हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरही प्रवाळ आहे. कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० साली तिथल्या काही वसाहती दुसरीकडे हलवाव्या लागल्या होत्या. समुद्रातलं प्रवाळ मात्र सगळीकडेच संकटात आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लॉरिडाच्या उथळ पाण्याने ३८ अंश ओलांडले आणि तिथल्या संस्थांनी जिवंत प्रवाळं समुद्रातून काढून किनाऱ्यावरच्या टाक्यांत हलवली. २०२४ मध्ये जागतिक ब्लीचिंगची, म्हणजे प्रवाळं पांढरी पडण्याची, चौथी लाट जाहीर झाली आणि लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली. आणि गेलेलं प्रवाळ लवकर भरून येत नाही. पोरायटिसचा मोठा गोळा वर्षाला सेंटिमीटरभर वाढतो. मालवणला स्नॉर्केलिंग करताना दमून ज्या दगडावर आपण पाय टेकतो, तो कदाचित आपल्या आजोबांच्या वयाचा असतो. तेव्हा पाय टेकू नका, बोटवाल्या दादांना नांगर वाळूवर टाकायला सांगा, आणि किनाऱ्यावर कोणी पिशवीतून प्रवाळ विकायला आणलं तर ते विकत घेऊ नका, वनखात्याला कळवा.